'एकोपा'चा सर्व्हर

फोल्कमार प्रीबे कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात. म्हणूनच त्याचा बकरा करणं इतकं सोपं गेलं. ज्याच्या मागे दोन तगडे जावई आणि एखादी भांडकुदळ बहीण असते, त्याच्या वाटेला आमच्याकडे सहसा कुणी जात नाही. फोल्कमारच्या मागे कुणीच नव्हतं. बायको सत्त्याण्णव साली देशाच्या पश्चिम भागात कामाला गेली आणि तिकडचीच झाली. मूलबाळ नाही. राहायला जुन्या राजवटीतल्या काँक्रीटच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. तिथे तो झोपायला जायचा. जगायचा तो बागेत.

बाग म्हणजे लिंडनवेर्डर गावाबाहेर, 'झाले' नावाच्या नदीच्या काठी, 'एकोपा' बागसंघातला सतरा नंबरचा तुकडा. संघाचे असे बहात्तर तुकडे. प्रत्येकावर एक छोटी खोली, भोवती झाडांचं कुंपण, आणि सगळ्यांवर मिळून नियमांचं एक जाडजूड पुस्तक. कुंपण सव्वा मीटरच्या वर जाता कामा नये. दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही. एक तृतीयांश जमिनीत भाजी आणि फळं हवीतच, नुसतं गवत लावून त्यावर लोळायचं नाही. आणि खोलीत कायमचं राहायचं नाही, मग बाहेर तुम्हाला घर असो वा नसो. फोल्कमार हे सगळं पाळायचा, आणि दुसऱ्यांना पाळता यावं म्हणून स्वतःची कात्री उसनी द्यायचा. सव्वीस वर्षांत त्याने तिथे आलुबुखाराची तीन झाडं वाढवली, पडक्या घरांच्या विटा सायकलवरून आणून खोली बांधली, आणि वयाची सदुसष्टी गाठली.

शेजारच्या सोळा नंबरवर झीगमार पेट्झोल्ड. हा फोल्कमारचा मित्र, म्हणजे एकुलता एक. झीगमारला बायको हायड्रुन, मुलगी याना, दोन नातवंडं, उड्या मारायची जाळी आणि मांस भाजायची शेगडी असा मोठा संसार होता. शनिवारी शेगडी पेटली की झीगमार कुंपणावरून ओरडायचा, "ए टेलिफोन! सॉसेज खाणार की उपास आहे?" फोल्कमार आपली खुर्ची घेऊन जायचा. खुर्ची स्वतःची न्यायचा, तेवढा भिडस्त.

टेलिफोन हे नाव त्याला चिकटलं होतं त्याच्या नोकरीमुळे. देशाचे पूर्व आणि पश्चिम भाग एक होण्याआधी आणि नंतरही तो जिल्ह्याच्या टेलिफोन केंद्रात तंत्रज्ञ होता. त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कुलूपबंद दार होतं. त्या दाराआड गुप्त पोलिसांची माणसं बसून लोकांचं बोलणं ऐकत, हे सगळ्या गावाला नंतर कळलं. फोल्कमारकडे त्या दाराची किल्ली कधीच नव्हती. नव्वदनंतर सगळ्या सरकारी नोकरांची चौकशी झाली तेव्हा त्याच्या नावावर काही निघालं नाही, तसं लेखी पत्र आलं. ते त्याने फायलीत जपून ठेवलं. पण गावाला पत्रं वाचायची सवय नसते. टेलिफोनवाला म्हणजे काय ते गावाला माहीत होतं.

दोन हजार वीसच्या वसंतात महामारी आली आणि संघाची वार्षिक सभा अडली. संघाची अध्यक्ष गुंडुला नौंडॉर्फ. ही बाई चाळीस वर्षं शाळेच्या कार्यालयात बसून मुख्याध्यापकांनासुद्धा ताटकळत ठेवायची. तिने ऑनलाइन सभेसाठी सगळे वापरतात ते परदेशी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं आणि तसं सांगायला ती सतरा नंबरच्या फाटकाशी आली. झीगमार मंडळाचा चिटणीस, म्हणून तोही सोबत.

"फुकट आहे, बटण दाबलं की चालू," गुंडुला म्हणाली.

"आपलं बोलणं कुठल्या देशातल्या कुणाच्या यंत्रातून जाणार, ते विचारलंस का?" फोल्कमार म्हणाला.

"अरे, आपल्या मंडळातल्या क्वासने मोजलेली कुंपणाची उंची ऐकून कोण श्रीमंत होणार आहे?"

"कुणाला काय मिळतं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ऐकता येता कामा नये, एवढंच."

"झालं, लागली टेलिफोनची कॅसेट," झीगमार हसला. "गुंडुला, करू दे त्याला. नाहीतरी आलुबुखार पिकेपर्यंत त्याला उद्योग काय?"

अशा रीतीने त्याच्या गळ्यात ते काम पडलं. खरं सांगायचं तर त्याने ते स्वतःच्या हाताने गळ्यात घालून घेतलं, आणि आनंदाने घातलं. कितीतरी वर्षांनी कुणाला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं.

नगरपालिकेने मोडीत काढलेला एक संगणक त्याने उचलून आणला, झाडूनपुसून संघाच्या सभागृहात बिअरच्या थंडपेटीमागे ठेवला. अग्निशमन केंद्राकडे गेलेली फायबरची तार सभागृहाला लागूनच जात होती, ती जोडून घेतली. बैठकीचं सॉफ्टवेअर मुक्त होतं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, आपल्या यंत्रावर चालवावं. लिहिणारे लोक जगभर पसरलेले, आणि त्यांनी लिहिलेली माहिती अशी, की ज्याला आधीच सगळं येतं त्यालाच समजावी. फोल्कमारने संघाच्या नावाचा पत्ता घेतला, बोलणं कुलूपबंद जावं म्हणून प्रमाणपत्र बसवलं, आणि झीगमारला चाचणीसाठी बोलावलं. झक्क चाललं. चेहरा स्वच्छ, आवाज खणखणीत. मग मंडळाचे तिसरे सभासद, कुंपणं मोजणारे म्हातारे राइनहोल्ड क्वास आत आले, आणि तिघांचे चेहरे एकदम काळे पडले, आवाज बंद. क्वास बाहेर गेले की पुन्हा ठीक.

"क्वास, तुमचं तोंडच असं आहे," झीगमार फोनवर म्हणाला.

नऊ दिवस हेच. दोघं असेपर्यंत दोघांची यंत्रं परस्पर बोलून घेतात, सर्व्हरला कुणी विचारत नाही. तिसरा आला की सगळं सर्व्हरमधून जायला लागतं, आणि सर्व्हर जगाला बाहेरचा पत्ता सांगायचा सोडून सभागृहातला आतला पत्ता सांगत बसलेला. दहाव्या दिवशी फोल्कमारला ते सापडलं. एक ओळ दुरुस्त केली, राउटरमधलं आवाजाचं दार उघडलं, आणि पाच जण, दहा जण, वीस जण, कुणी काळं पडेना. त्या दिवशी तो सभागृहात एकटाच टाळी वाजवून हसला.

मग त्याने ती गोष्ट केली जी आमच्याच मुलखातला माणूस करू जाणे. कोण कधी आलं, कुठल्या बैठकीत किती वेळ होतं, याची नोंद हे सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं. फोल्कमारने ती मुळापासून बंद केली. रेकॉर्डिंग करण्यासाठी एक न दिसणारा पाहुणा बैठकीत सोडायची सोय त्यात असते, तीही त्याने बंद केली. मे महिन्यातल्या सभेत त्याने छातीवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "बागमित्रहो, या यंत्रात तुमच्याबद्दल काहीही साठत नाही. उद्या पोलीस आले तरी मी त्यांना काही देऊ शकणार नाही, कारण माझ्याकडे काही नसेल." आमच्याकडे टाळ्यांऐवजी टेबलावर बोटांची हाडं वाजवतात. पन्नासएक घरांतून टकटक झाली. फोल्कमारचे कान लाल झाले होते.

त्यानंतर आठ महिने सगळ्यांनी त्याला पोटभर वापरून घेतलं. "फोल्कमार, मला माझंच डोकं दिसतंय." "फोल्कमार, आवाज येत नाही, ये जरा." तो सायकल काढायचा, खिडकीबाहेर उभा राहायचा, मास्क लावून आतल्या माणसाला कुठलं बटण ते बोट करून दाखवायचा. दर तीन महिन्यांनी प्रमाणपत्र नवं झालं का ते डोळ्यांत तेल घालून बघायचा. वाढदिवस त्या सर्व्हरवर झाले, नातवंडांचं नाताळ त्याच्यावर झालं, एक लग्न ठरलं आणि एक मोडलं. चित्र अडखळलं की शिव्या फोल्कमारला, नीट चाललं की कुणाला त्याची आठवण नाही. तरी तो खूश होता, हे विशेष.

डिसेंबरात मंडळाची एक बंद बैठक त्याच सर्व्हरवर झाली. गुंडुला, झीगमार, क्वास, तिघंच. विषय एक्केचाळीस नंबरची इलोना वुट्के. क्वासना तिच्या धुराड्यातून रोज धूर दिसत होता. ऑक्टोबरपासून बागांचं पाणी बंद असतं, आणि ही बाई कबरस्तानाच्या नळावरून कॅन भरून आणत होती. घटस्फोटानंतर घर गेलेलं, म्हणजे ती खोलीतच राहत होती. मंडळाने ठरवलं की गवगवा करायचा नाही, वसंतापर्यंत मुदत द्यायची. चांगला निर्णय होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो अख्ख्या गावाला माहीत होता. तिसऱ्या दिवशी इलोनाच्या दारावर कुणीतरी लाल रंगाने लिहिलं, 'हॉटेल. नाश्त्यासह.' ती त्या थंडीत दोन पिशव्या घेऊन निघून गेली. जानेवारीत तिच्या वकिलाचं पत्र आलं. बंद बैठकीतलं बोलणं बाहेर कुणी फोडलं ते सांगा, नाहीतर संघाला कोर्टात खेचतो.

आता कुणीतरी दोषी असणं भाग होतं. बैठकीच्या खोलीत तिघं होते. आणि चौथा, ज्याच्याकडे खोलीची किल्ली होती.

गुंडुलाचा फोन आला तेव्हा फोल्कमार सूप गरम करत होता.

"त्या दिवशी बैठकीत कोण कोण होतं, त्याची नोंद दाखव. वकिलाला द्यायचीय."

"नोंद नाही, गुंडुला."

"पुसलीस?"

"पुसायला ठेवलीच कुठे होती? सभेत सांगितलं होतं ना मी. तूच टेबल वाजवलंस."

"हो का? फारच सोयीचं झालं की तुला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या बैठकीत आपण नव्हतो हे दाखवणारा जगातला एकमेव कागद त्याने स्वतःच्या तत्त्वापायी जन्मालाच येऊ दिला नव्हता. तो तडक झीगमारकडे गेला. झीगमारने दार अर्धंच उघडलं.

"अरे, मी आहे ना मंडळात," झीगमार म्हणाला. "तू शांत राहा. कुणाशी वाद घालू नकोस. मी बघतो."

"तुला तर खरं वाटतं ना, मी ऐकलं नाही ते?"

"वेडा आहेस का? सव्वीस वर्षं ओळखतो तुला." आतून हायड्रुनने नाताळच्या केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून पाठवला. फोल्कमारने जिन्यातच तो खाल्ला, आणि त्या रात्री त्याला झोप लागली.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी तीनला, शांततेची वेळ संपताच संघाची खास सभा भरली. विषय: विश्वासघाताबद्दल बागमित्र प्रीबे यांना संघातून काढणे. संघातून गेला की बाग गेली, त्याला वेगळं पत्र लागत नाही. तीन महिन्यांत खोली पाडून तुकडा मोकळा द्यायचा, किंवा पुढच्याने मागितली तर तशीच सोडायची. सभा अर्थातच फोल्कमारच्या सर्व्हरवर. गुप्त मतदानाची सोयही त्यालाच करायला सांगितली होती, आणि त्याने ती केली, आदल्या दिवशी दोनदा तपासली. चालू सभेत बंद पडलं तर मुद्दाम केलं म्हणतील, ही भीती. म्हणून तो घरी न बसता सभागृहात, थंडपेटीच्या मागे, सर्व्हरच्या शेजारीच लॅपटॉप घेऊन बसला. हीटर बंद होता, अंगात कोट. पडद्यावर चौतीस घरं.

"टेलिफोनवाले सगळे तसलेच," कुणीतरी आवाज बंद करायचा विसरून म्हणालं. "तेव्हाही ऐकत होते, आताही ऐकतात."

फोल्कमारने फायलीतून ते तीस वर्षांपूर्वीचं पत्र काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे वाचा. माझ्या नावावर काही नाही, सरकारचा शिक्का आहे."

"काही दिसत नाही रे, नुसता पांढरा कागद," एक बाई म्हणाली. तार सगळ्यांना पुरावी म्हणून चित्राचा दर्जा त्यानेच उतरवून ठेवला होता. त्याने पत्र जवळ नेलं तर आणखीच पुसट झालं. दोनतीन घरांत लोक हसले. त्याने ते वाचून दाखवायला सुरुवात केली, तर गुंडुला म्हणाली की तीस वर्षांपूर्वीचा विषय आज पत्रिकेवर नाही.

मग तिने जाहीर केलं, "मंडळ दहा मिनिटं बाजूच्या खोलीत विचार करील. बागमित्र प्रीबे, तुम्ही इथेच, सगळ्यांच्या नजरेसमोर थांबा." तिघांचे चौकोन गेले. एकतीस उरले, आणि फोल्कमारचा.

लोक वाट बघायला लागले. कुणी विणत होतं, कुणी केक खात होतं, कुणाचं मांजर कॅमेऱ्यापुढून गेलं. सगळे मधूनमधून त्याच्याकडे बघत होते. फोल्कमार मान ताठ ठेवून बसला होता. त्याच्या डाव्या हाताला सर्व्हरचा कीबोर्ड होता. तो न दिसणारा पाहुणा बंद करणाऱ्या तीन ओळी कुठे आहेत, ते त्याला पाठ होतं. त्या ओळींवरच्या तीन खुणा काढायच्या, एक आज्ञा द्यायची, की पाहुणा बाजूच्या खोलीत. वीस सेकंदांचं काम.

त्याने ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दारासमोरून तो रोज वीस वर्षं गेला, कान दाराला लावला नाही. पण आज आत त्याच्या बागेचा निकाल लागत होता, आणि आत झीगमार होता. झीगमार आपल्या बाजूने बोलतोय एवढं एकदा ऐकायचं होतं त्याला, मग काढा खुशाल संघातून. कुत्र्यासारखा भुकेला झाला होता तो त्या एका वाक्यासाठी. डाव्या हाताने, कॅमेऱ्याकडे बघत, त्याने तीन खुणा काढल्या आणि आज्ञा दिली. गळ्यात इयरफोनची वायर लोंबत असायचीच, तिचं एक टोक डाव्या कानात घातलं.

"...मला नाही वाटत त्याने ऐकलं असेल," क्वास म्हणत होते. बहिरे असल्यामुळे मोठ्याने. "तो नियमाचा माणूस आहे."

"वाटण्याचा प्रश्नच नाही, क्वास. वकिलाला नाव हवंय," गुंडुला.

"पण मग फोडलं कुणी?"

मग झीगमारचा आवाज आला. "मी हायड्रुनला बोललो होतो. जेवताना. तिने बेकरीत सांगितलं, तुम्हाला माहीत आहे तिचं तोंड."

"मला डिसेंबरपासून माहीत आहे," गुंडुला म्हणाली. "बेकरीच्या आधी तिने मलाच फोन केला होता." आणि ती हसली, शाळेत कागद हरवला की हसायची तशी.

"मग हे चाललंय काय?" क्वास.

"क्वास, झीगमारला काढू? इतिवृत्त तुम्ही लिहिणार? त्याला नातवंडं आहेत, सगळ्या कुटुंबाचा उन्हाळा इथे जातो. फोल्कमारला काढलं तर एका माणसाला त्रास, बाकी कुणाला नाही. आणि लोकांचा अर्धा विश्वास बसलेलाच आहे."

"तो मनावर घेणार नाही," झीगमार म्हणाला. "सोसायची सवय आहे त्याला. बायको गेली तेव्हाही काही बोलला नव्हता." मग जरा थांबून, "आणि सतरा नंबर मोकळा झाला की... बाग मिळायच्या यादीत आमची याना तिसरी आहे. पहिल्या दोघांना जुनी खोली असलेला तुकडा नकोय म्हणे. आम्ही त्याच्या झाडांना हात लावणार नाही, गुंडुला. आलुबुखार तसेच ठेवू."

"ते नंतर बघू. चला, दहा मिनिटं झाली."

फोल्कमारने डाव्या हाताने वायर काढली. पडद्यावर त्याचा चेहरा होता तसाच होता, हे त्याने बघून घेतलं. विणणारी बाई विणत होती. केसाने गळा कापतात असं तो ऐकून होता, पण कापून घेणाऱ्याला त्या वेळी ताठ बसून कॅमेऱ्यात बघावं लागतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकलं नसतं तर बाग गेली असती, पण निदान झीगमार राहिला असता. आता दोन्ही गेलं, आणि तेही त्याने स्वतःच्या डाव्या हाताने घालवलं.

तिघांचे चौकोन परत आले. झीगमार मान खाली घालून वहीत लिहीत होता.

"बागमित्र प्रीबे, नियमाप्रमाणे शेवटचा शब्द तुमचा," गुंडुला म्हणाली. "काही सांगायचंय?"

त्याला सगळं सांगायचं होतं. फोडणाऱ्याचं नाव, बेकरी, जेवण, यादीतला तिसरा नंबर. तोंड उघडलंही त्याने. पण पहिला प्रश्न काय येणार ते त्याला दिसलं. तुला कसं कळलं? आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर म्हणजे त्याच्यावरचा आरोप. नाही म्हणत होता ते सगळं खरं ठरलं असतं, आणि झीगमारने फक्त 'हा खोटं बोलतो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. झीगमार सोडून बाकी सगळे त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत होते.

"फोल्कमार?" झीगमार वर न बघता म्हणाला. "काय लिहू?"

"काही नाही," फोल्कमार म्हणाला.

"म्हणजे, काही सांगायचं नाही, असं लिहू?"

"लिही."

मतदान झालं. निकाल सर्व्हरच्या पडद्यावर फक्त त्याला दिसत होता, म्हणून तो त्यालाच वाचावा लागला. "बाजूने पंचवीस. विरुद्ध सहा. तटस्थ तीन." त्याने आकडे दोनदा वाचले, कारण क्वासना ऐकू आलं नव्हतं.

"आभारी आहे, श्रीयुत प्रीबे," गुंडुला म्हणाली. बागमित्र नाही, परक्याला म्हणतात तसं श्रीयुत प्रीबे. सव्वीस वर्षांत त्याला त्या जागी कुणी असं म्हटलं नव्हतं. "तुम्हाला आता सभा सोडावी लागेल. पण आमचे दोन विषय राहिलेत, वसंतात पाणी कधी सोडायचं आणि कुंपणांचं. तेवढा वेळ सर्व्हर चालू राहील ना? आणि नवा माणूस मिळेपर्यंत?"

"राहील," तो म्हणाला आणि लाल बटण दाबून बाहेर पडला.

बाहेर म्हणजे कुठे, सर्व्हर तिथेच होता, तोही तिथेच. उठून भिंतीतली वायर ओढली असती तर चौतीस चेहरे एका क्षणात काळे झाले असते. त्याने हात खिशात घातले. आता त्या तीन खुणा पुन्हा घालाव्यात असं त्याच्या मनात आलं, तेवढ्यात फोन वाजला. झीगमार.

"अरे फोल्कमार, मला कुणाचा आवाज येत नाहीये. सगळ्यांची तोंडं नुसती हलतायत. इतिवृत्त लिहायचंय मला, जरा बघ ना."

फोल्कमारने सर्व्हरच्या पडद्यावरच्या त्या तीन ओळींकडे पाहिलं.

"ऐकतोयस ना?" झीगमार म्हणाला.

"ऐकतोय. ती खिडकी बंद कर. पुन्हा उघड. आवाजाला परवानगी विचारेल, हो म्हण."

खुडबुड झाली. फोनमधून सभेचा गलका ऐकू यायला लागला. कुणीतरी एप्रिल म्हणत होतं, कुणी मार्च.

"आला, आला आवाज. बरं झालं तू होतास." मग झीगमारचा आवाज खाली आला. "हे बघ, मी फार बोललो तुझ्या बाजूने आत. पण दोघांपुढे माझं एकट्याचं काय चालणार?"

"माहीत आहे," फोल्कमार म्हणाला. "जा आता. पाण्याचं लिहून घे."